वाळवंटाची धूळ आणि आकाशांतील डोळे

धुळीला मराठी भाषेनें फारसा मान दिलेला नाहीं. शत्रूला धूळ चारावयाची, भोळ्या माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकावयाची, न वाचलेलीं पुस्तकें धूळ खात पडावयाचीं, आणि मोठमोठीं राज्यें शेवटीं धुळीस मिळावयाचीं, असा तिचा संसार आहे. अपवाद दोनच. थोर पाहुण्यानें घरीं येऊन पायधूळ झाडली तर यजमान धन्य होतो. आणि सायंकाळीं गाई घरीं परततांना त्यांच्या खुरांनीं उडालेली धूळ लग्नाचा गोरज मुहूर्त सांगते. एरवीं केर काढतांना आणि पुस्तकांचें कपाट पुसतांना तिची आठवण होते ती कपाळाला आठी घालूनच. श्रोतेहो, या उपेक्षित धुळीची एक फार मोठी हकीकत आहे. ती इतकी मोठी आहे कीं, जमिनीवर उभें राहून ती दिसतच नाहीं. ती पाहण्यासाठीं मनुष्याला आपले यांत्रिक डोळे शेंकडों, किंबहुना हजारों किलोमीटर उंच नेऊन ठेवावे लागले.

वाळवंटांत धुळीचें वादळ कसें येतें तें प्रथम पाहावें. क्षितिजावर एक पिंगट भिंत उभी राहते. ती हळूहळू उंच होत जाते, सूर्याचें बिंब तांबूस होऊन नाहींसें होतें, आणि मग हातभर अंतरावरचा माणूस दिसेनासा होतो. उंटांना खालीं बसवून, तोंडावर फडकें गुंडाळून वाट पाहणें एवढेंच प्रवाशाच्या हातीं उरतें. सुदान देशांत अशा भिंतीस ‘हबूब’ म्हणतात, इराकांतील वायव्येच्या वाऱ्यास ‘शमाल’ म्हणतात, आणि आपल्या राजपुतान्यांत व उत्तर हिंदुस्थानांत तिला ‘आंधी’ हें नांव आहे. वादळांत सांपडलेल्या माणसाला त्याचा तडाखा कळतो. पण तें कोठून निघालें, किती रुंद आहे आणि कोठें जाऊन विरणार, हें त्याला मुळींच कळत नाहीं. मुंगीला नदीच्या पुराचा उगम विचारावा, तशांतला तो प्रकार आहे.

येथें वाळू आणि धूळ यांतील भेद लक्षांत ठेवला पाहिजे. वाळूचे कण जड असतात. वाऱ्याच्या जोरानें ते उड्या मारीत जमिनीलगत पुढें सरकतात. माणसाच्या डोक्यापेक्षां फार वर ते सहसा जात नाहींत. परंतु प्रत्येक उडीच्या शेवटीं असा कण जमिनीवर आपटला म्हणजे त्या आघातानें मातीचे अतिशय बारीक कण सुटतात. या कणांची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शानें मोजावी लागते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा त्यांना उचलून चार-पांच किलोमीटर उंचीपर्यंत नेते, आणि एकदां ते तेथें पोंचले म्हणजे दिवसचे दिवस खालीं येत नाहींत. वाळू आपला देश सोडीत नाहीं. धूळ मात्र परदेशगमन करते.

या परदेशगमनाचा पहिला शास्त्रीय साक्षीदार म्हणजे चार्लस् डार्विन. इ. स. १८३२ च्या जानेवारींत ‘बीगल’ जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या केप व्हर्ड बेटांपाशीं नांगरलें होतें. हवा धुरकट होती. डोलकाठीच्या टोंकाशीं वाऱ्याची दिशा दाखविणारें जाळीदार कापडाचें निशाण होतें. त्या जाळीतून गाळली गेलेली पिंगट धूळ डार्विननें एका पुडींत बांधून ठेवली. पुढें त्यानें ही व इतर खलाशांकडून मिळविलेली धूळ बर्लिनचे सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ एहरेनबर्ग यांजकडे पाठविली. त्यांना तींत सूक्ष्म जीवांचीं गारेसारखीं कठीण कवचें सांपडलीं, आणि आश्चर्य असें कीं, तीं बहुतेक गोड्या पाण्यांतील जीवांचीं होतीं. भर समुद्रांत, वाळवंटावरून आलेल्या वाऱ्यांत, गोड्या पाण्याचे जीव! १८४६ सालीं डार्विननें या धुळीवर एक निबंध प्रसिद्ध केला. परंतु वाळवंटांत तें गोडें पाणी कोठें होतें, या प्रश्नाचें पूर्ण उत्तर मिळण्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

मध्यंतरीं काम चाललें तें जमिनीवरून आणि मोठ्या चिकाटीनें. १९६५ सालापासून जोसेफ प्रॉस्पेरो या अमेरिकन शास्त्रज्ञानें वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर हवेंतील धूळ गोळा करून मोजण्यास आरंभ केला. अटलांटिक महासागराच्या पलीकडच्या तीरावर त्यास सहाराची माती सांपडूं लागली, आणि आफ्रिकेंत अवर्षण पडलें म्हणजे बार्बाडोसांतील धूळ वाढते, असें दिसून आलें. परंतु एका बेटावरून महासागराचा हिशेब लागत नाहीं. सबंध वाट एका दृष्टिक्षेपांत दिसावी, यासाठीं उंचावरचा डोळा हवा होता.

तो डोळा १९६० सालच्या एप्रिलांत उघडला. ‘टायरॉस’ नांवाचा पहिला हवामान-उपग्रह त्या महिन्यांत अमेरिकेनें आकाशांत सोडला. त्याचीं चित्रें अंधुक होतीं. पण पुढील वर्षांत जसजशीं यंत्रें सुधारलीं, तसतसा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून समुद्रांत शिरणारा पिवळसर पट्टा स्पष्ट दिसूं लागला. निळ्याशार पाण्यावर ही धूळ सहज उमटून दिसते. पंचाईत होते ती वाळवंटाच्या वर. पिंगट जमीन, तिच्यावर पिंगट धूळ. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरी मांजर बसावी तसें तें दृश्य. ज्या ठिकाणीं धूळ जन्म घेते, नेमकें त्याच ठिकाणीं साधें छायाचित्र आंधळें होतें.

या अडचणींतून शास्त्रज्ञांनीं ज्या तीन वाटा काढल्या, त्या जाणण्याजोग्या आहेत. पहिली वाट जंबुपार किरणांची. डोळ्यांस न दिसणाऱ्या या किरणांत वाळवंट काळवंडलेलें दिसतें, आणि वरची धूळ ते किरण शोषून घेत असल्यामुळें तिचा ठसा ओळखतां येतो. गंमत अशी कीं, १९७८ सालीं ‘निंबस-७’ उपग्रहावर बसविलेलें हें यंत्र मुळांत ओझोन वायू मोजण्यासाठीं होतें. त्याच्या जुन्या नोंदींतून धुळीचा नकाशा निघतो, हें पुष्कळ वर्षांनीं लक्षांत आलें. दुसरी वाट अवरक्त किरणांची, म्हणजे उष्णतेच्या किरणांची. धुळीचे कण या किरणांतील कांहीं लहरी अधिक अडवितात व कांहीं कमी. दोन लहरींतील हा फरक घेऊन जें रंगीत चित्र बनवितात, त्यांत धूळ गडद गुलाबी दिसते, आणि सूर्यप्रकाशाची गरज नसल्यानें ती रात्रींही दिसते. विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या गतीनेंच फिरत असल्यामुळें जणुं एका जागीं खिळलेला युरोपचा ‘मेटिओसॅट’ उपग्रह २००२ सालानंतर दर पंधरा मिनिटांनीं असें चित्र घेऊं लागला. तिसरी वाट लेसर प्रकाशाची. २००६ सालच्या एप्रिलांत सोडलेला ‘कॅलिप्सो’ उपग्रह खालीं हिरव्या प्रकाशाचा झोत टाकी, आणि परतलेल्या प्रकाशावरून धुळीचा थर किती उंचीवर व किती जाड आहे तें मोजी. २०२३ सालीं त्याचें काम संपलें. पहिल्या दोन वाटांनीं धुळीची लांबी-रुंदी कळली होती. ‘कॅलिप्सो’नें तिची उंची सांगितली, आणि लांबी, रुंदी व उंची कळल्यावर वजन काढणें हें शाळेंतील गणित झालें.

या साऱ्या डोळ्यांनीं एका सुरांत एका जागेकडे बोट दाखविलें. तिचें नांव बोदेले. आफ्रिकेच्या मध्यभागीं चाड देशांत ही खोलगट भूमि आहे. तिच्या वायव्येस तिबेस्तीचे व पूर्वेस एन्नेदीचे डोंगर आहेत. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला म्हणजे पाण्याची धार जशी जोरानें सुटते, तसा ईशान्येचा वारा या दोन डोंगरांच्या मधून बोदेलेवर येऊन आदळतो. वर्षांतून सुमारें शंभर दिवस येथून धुळीचे लोट उठतात. पृथ्वीवर याहून धुळीचें दुसरें मोठें आगर नाहीं.

आणि येथेंच डार्विनच्या पुडींतलें कोडें सुटलें. सुमारें सात हजार वर्षांपूर्वीं सहारा हिरवा होता. हत्ती, पाणघोडे आणि मासेमारी करणारीं माणसें तेथें वावरत होतीं. त्या काळीं चाडचें सरोवर आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहूनही मोठें होतें, आणि बोदेले हा त्याचा सर्वांत खोल भाग होता. त्या गोड्या पाण्यांत डायाटम नांवाचे सूक्ष्म जीव अगणित संख्येनें राहत. ते मेले म्हणजे त्यांचीं कवचें तळाशीं सांचत. पाऊस हटला, सरोवर आटलें, आणि तळाचा पांढुरका, खडूसारखा हलका थर उघडा पडला. आज वारा जें उडवितो तें या मृत सरोवराचें भस्म होय. सर्वच वाळवंटांचा असा अनुभव आहे. उंच वाळूच्या टेकड्या दिसावयास भव्य. पण धुळीचे खरे उगम बहुधा आटलेल्या तळ्यांच्या सखल पात्रांत असतात.

हें भस्म जातें कोठें? हिवाळ्यांत व वसंतांत त्यांतील कांहीं भाग अटलांटिक ओलांडून सुमारें आठवड्याभरांत दक्षिण अमेरिकेंत, अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यांत पोंचतो. तेथें जगांतील सर्वांत मोठें पावसाळी अरण्य आहे. पण त्याखालची जमीन नापीक आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. धो धो पाऊस जमिनींतील सत्त्व धुऊन नदींत नेतो. पानें गळून कुजतात, त्यांतलें सत्त्व मुळें पुन्हा ओढून घेतात, आणि त्या उसनवारीवर अरण्य जगतें. दर वर्षीं थोडी गळती होतेच, आणि सर्वांत मोठी उणीव भासते ती फॉस्फरसची. शेतकरी खताच्या पोत्यांतून जें विकत आणतो तेंच हें द्रव्य.

‘कॅलिप्सो’नें २००७ ते २०१३ या सात वर्षांत घेतलेल्या मोजणीचा हिशेब २०१५ सालीं हाँगबिन यू व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केला. आफ्रिकेच्या पश्चिम कडेवरून दर वर्षीं सरासरी १८ कोटी २० लाख टन धूळ बाहेर पडते. त्यांतील सुमारें २ कोटी ८० लाख टन अॅमेझॉनच्या खोऱ्यावर उतरते, आणि सुमारें ४ कोटी ३० लाख टन वेस्ट इंडीजच्या समुद्राकडे जाते. अॅमेझॉनवर पडणाऱ्या धुळींत अंदाजें २२,००० टन फॉस्फरस असावा, असें त्यांनीं काढलें. आणि पावसानें व पुरानें तेथून वाहून जाणारा फॉस्फरसही जवळजवळ तेवढाच आहे. एका खंडांतील मेलेलें सरोवर दुसऱ्या खंडांतील जिवंत अरण्याला आकाशमार्गें खत पाठवीत आहे! एखाद्या पुराणिकानें ही कथा सांगितली असती तर शिकलेल्या माणसानें हंसून मान हलविली असती.

तथापि ही जमाखर्चाची वही बंद झाली असें समजूं नये. त्या सात वर्षांतच धुळीचें प्रमाण एका वर्षापासून दुसऱ्या वर्षीं फार बदललें. २००७ साल भरघोस होतें, तर २०११ त्या मानानें अगदींच रोडावलेलें. शिवाय पुढील संशोधनांत असें दिसलें कीं, आफ्रिकेंत गवताळ रानें पेटतात त्यांचा धूरही अॅमेझॉनला फॉस्फरस पोंचवितो, आणि त्याचा वांटा मोठा असूं शकतो. शास्त्राची रीत अशीच आहे. सुंदर गोष्ट सांपडली म्हणून शास्त्रज्ञ तिच्यावर भाळून बसत नाहींत. ती पुन्हा पुन्हा तराजूंत घालतात.

धुळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२० सालच्या जूनमध्यें सहाराचा एक प्रचंड लोट वेस्ट इंडीजवर व तेथून अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आला. उपग्रहांनीं त्याचा पाठलाग पहिल्या दिवसापासून केला. ही कोरडी, धुळकट हवा समुद्रावरील चक्री वादळांना बहुधा वाढूं देत नाहीं, आणि तिच्यांतील लोह समुद्रांतील सूक्ष्म वनस्पतींना पोसतें. पण तीच धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत गेली म्हणजे दमेकऱ्यास, म्हाताऱ्यास व तान्ह्या मुलास घातक होते. २०२२ सालच्या वसंतांत इराकांत एकामागून एक वादळें आलीं, तेव्हां श्वास कोंडल्यामुळें हजारों लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. सहाराच्या दक्षिणेकडील पट्ट्यांत तर कोरड्या, धुळीच्या ऋतूंत मेंदूच्या आवरणास सूज आणणारा जीवघेणा ताप पसरतो. तेव्हां धूळ अमृत कीं विष, या प्रश्नाचें उत्तर ती कोठें पडते आणि किती पडते, यावर अवलंबून आहे.

याहून गंभीर धडा मध्य आशियांतून मिळतो. बोदेलेचें सरोवर निसर्गानें आटविलें. अरल समुद्र माणसानें आटविला. १९६० सालीं हें खारें सरोवर विस्तारानें जगांत चौथें होतें. अमूदर्या व सीरदर्या या दोन नद्या त्यास पाणी देत. सोव्हिएट सरकारनें कापसाच्या पिकासाठीं त्यांचें पाणी कालव्यांत वळविलें. कापूस आला, समुद्र मागें हटला. १९७५ सालापासून आकाशांतून घेतलेल्या चित्रांत उघड्या पडलेल्या तळावरून निघणारे पांढरे लोट दिसूं लागले. ती नुसती माती नव्हती; मीठ आणि शेतांतून वाहून आलेलीं विषारी औषधें तींत मिसळलेलीं होतीं. २०१४ सालीं दक्षिणेकडील भागाचें पूर्व पात्र पार कोरडें पडल्याचें उपग्रहानें दाखविलें. बंदरांतील होड्या वाळूंत रुतून राहिल्या, कोळ्यांचा धंदा बुडाला, आणि ज्या शेतांसाठीं पाणी नेलें त्याच शेतांवर वारा मीठ आणून टाकूं लागला. उत्तरेकडील लहान भागाला मात्र २००५ सालीं कझाकस्तानांत बांध घातल्यामुळें पुन्हा पाणी चढलें व मासे परतले. कोरड्या तळावर सक्सौल नांवाचें काटक झुडूप लावून माती धरून ठेवण्याचेही प्रयत्न चालू आहेत. नवें वाळवंट निर्माण करण्यास माणसाला एक पिढी पुरली. तें बुजविण्यास किती पिढ्या लागतील तें पाहावयाचें आहे.

ही दूरदेशची वार्ता म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. २०२२ सालच्या २३ जानेवारीस मुंबईकर सकाळीं उठले तेव्हां सूर्य फिकट चकतीसारखा दिसत होता, हवेंत गारठा होता, आणि रस्त्यावरच्या मोटारींवर पांढुरकी भुकटी बसली होती. आदल्या दिवशीं कराचीच्या बाजूस उठलेलें वादळ अरबी समुद्रावरून गुजराथ व उत्तर कोंकणाकडे आलें होतें. घरोघर खिडक्या लावून घेण्यांत आल्या. खोकला झालेल्यांना बाहेर पडूं नका असें सांगण्यांत आलें. २०१८ सालच्या २ मे रोजीं राजस्थान व उत्तर प्रदेश यांवर आलेली आंधी याहून फार क्रूर होती. रात्रीं झोंपेंत असलेल्या लोकांवर भिंती व झाडें कोसळून शंभराहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. धूळ आकाशांतून दिसते, एवढ्यानें तीं माणसें वांचलीं नाहींत. दिसलेलें वेळेवर कळविलें पाहिजे, आणि कळलेलें ऐकलें पाहिजे.

या दृष्टीनें जागतिक हवामान संघटनेनें २००७ सालीं वाळूच्या व धुळीच्या वादळांची सूचना देणारी एक यंत्रणा उभी केली. स्पेनमधील बार्सिलोना शहरांतून आफ्रिका, पश्चिम आशिया व युरोप यांच्यासाठीं धुळीचे अंदाज प्रसिद्ध होतात. भारताचेही इन्सॅट मालिकेंतील उपग्रह हिंदी महासागरावरून या भागाचीं चित्रें पाठवितात. २०२२ सालच्या जुलैंत आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर ‘एमिट’ नांवाचें यंत्र बसविण्यांत आलें. कोणत्या वाळवंटांत कोणतीं खनिजें आहेत, हें तें रंगांवरून ओळखतें. कारण लोहयुक्त काळसर धूळ ऊन शोषून हवा तापविते, तर फिकट धूळ ऊन परतवून ती थंड राखते. पृथ्वीच्या वाढत्या उष्म्याच्या हिशेबांत या मुठीभर मातीलाही आतां स्थान द्यावें लागत आहे.

आकाशांतील डोळा पुष्कळ पाहतो. पण त्याला हात नाहींत. तळ्यांत पाणी ठेवणें, उघड्या जमिनीवर गवत व झुडपें राखणें, नदीचें सर्वच पाणी शेतांत न वळविणें, वादळाची सूचना गांवाच्या शेवटच्या झोंपडीपर्यंत पोंचविणें, हीं कामें खालीं राहणाऱ्यांचींच आहेत. डोलकाठीवरच्या जाळीत अडकलेली चिमूटभर धूळ डार्विननें झटकून टाकली नाहीं. पुडींत बांधून जपली. उद्यां सकाळीं पुस्तकांच्या कपाटावरून हात फिरवितांना बोटाला जी पुसट रेघ लागेल, ती बहुतेक घरासमोरच्या रस्त्याचीच असेल. परंतु तींतील एखादा कण कोणा आटलेल्या सरोवराच्या तळाचाही असूं शकेल. तिच्याकडे क्षणभर पाहून मग ती पुसावी.